चेहरे सोडून बाकीचं सगळं

हिल्सबरोच्या त्या घरात मी पावणेतीन वर्षं काम केलं आणि त्यातल्या एकाही दिवशी त्या बाईने मला माझ्या नावाने हाक मारली नाही. ती मला 'बॅकग्राउंड' म्हणायची. "बॅकग्राउंड, पान अकरा." "बॅकग्राउंड, हे झाड मेलेलं दिसतंय." मी तिला सेन्सेई म्हणायचे. जपानमध्ये मांगा, म्हणजे तिथल्या चित्रकथा, काढणाऱ्या कलाकाराला हाताखालची माणसं असंच म्हणतात, हे तिनेच पहिल्या दिवशी ऐकवलं होतं. सेन्सेई म्हणजे गुरुजी. गुरूबद्दल वाटावं तसं मला तिच्याबद्दल कधी काही वाटलं नाही. राग मात्र पहिल्या आठवड्यापासून होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. नवऱ्याला ऑकलंडमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून आलो आणि न्यू लिनमध्ये भाड्याने राहू लागलो. मुलगी चार वर्षांची होती. मी पुण्यात कमर्शियल आर्ट शिकले होते आणि आठ वर्षं पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढली होती. बेडकाचं जीवनचक्र, वाहतुकीचे नियम, इतिहासातले किल्ले. माझा हात स्वच्छ होता. इथे मात्र प्रत्येक मुलाखतीत लोकल एक्सपीरियन्स विचारत. माझा पोर्टफोलिओ उलटसुलट बघून एकजण म्हणाला, "स्वीट ॲज, झकास, कळवतो हं." त्याने अजून कळवलेलं नाही.

एक दिवस लायब्ररीतल्या बोर्डावर हाताने लिहिलेलं कार्ड दिसलं. सरळ रेषा हाताने काढता येणारी व्यक्ती पाहिजे. फार बोलणारी नको. खाली फोन नंबर. मला वाटलं, कुणी आर्किटेक्ट असेल.

दार उघडलं ते पन्नाशी ओलांडलेल्या, शिडशिडीत जपानी बाईने. केस अगदी बारीक कापलेले, अंगात पुरुषी शर्ट, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शेंगदाण्याएवढा घट्टा. तिने माझी फाइल उघडलीही नाही. एका टेबलाशी बसवलं, टाक, शाईची बाटली आणि जाड कागद समोर ठेवला आणि म्हणाली, "भिंत काढ. दगडाची. दोन तास." आम्ही इंग्रजीत बोलत होतो. तिचं तुटक, माझं शाळेतलं.

दोन तासांनी तिने कागद उजेडात धरला, मग मधोमध फाडला. मी बॅग उचलली. ती म्हणाली, "कुठे निघालीस? दगड चांगले आहेत, भिंत वाईट आहे. सोमवारी नऊला ये."

मी गेले. का गेले, हे घरी कुणालाच कळलं नाही. सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, कागद फाडून तोंडावर टाकणाऱ्या बाईकडे परत जायचं म्हणजे काय?" मी म्हटलं, "आई, या देशात माझी रेष बघणारी ती पहिलीच आहे." त्यांना ते पटलं नाही. मलाही नीटसं पटलं नव्हतं.

कामाचे नियम भिंतीवर लावलेले नव्हते, मोडल्यावर कळायचे. टेबलावर चहा नाही. केसांना तेल लावून यायचं नाही, कागदाला वास लागतो. डबा बाहेर डेकवर बसून खायचा, थंडी असली तरी. डेकवरून मनुकाउचं बंदर दिसायचं, ओहोटीला नुसता चिखल. फोडणीचा वास आत येतो म्हणून ती काचेचं दार खाडकन ओढून घ्यायची. मी आत आणि ती बाहेर असती तर मीही तसंच ओढलं असतं, असा विचार करत मी पोळीभाजी खायचे. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की चेहऱ्याला हात लावायचा नाही. "चेहरे सेन्सेईचे," ती म्हणायची. "बाकीचं सगळं बॅकग्राउंडचं."

बाकीचं सगळं म्हणजे जंगलं, वाडे, पूल, गर्दी, कपड्यांवरची नक्षी, पाणी. तिची चित्रकथा जपानमधल्या एका मासिकात दर महिन्याला बत्तीस पानं छापून येत होती. गोष्ट अशा एका राज्याची होती जिथे राणीने सगळ्या नद्या थांबवल्या आहेत आणि होडी चालवणारी एक मुलगी कोरड्या पात्रातून होडी ओढत आपल्या घराकडे निघाली आहे. सेन्सेई आधी पेन्सिलीने पान मांडायची, मग चेहरे आणि माणसं शाईने पक्की करायची आणि पान माझ्याकडे सरकवायची. सरकवायची म्हणजे फेकायची. नव्या टाकाचं निब ती मेणबत्तीवर धरायची, वरचं तेल जळून जावं म्हणून, आणि मग त्याच गरम निबाने माझ्या पानावरची चूक दाखवायची.

तिच्याविषयी जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी. करड्या छटेसाठी ठिपक्यांचे चिकट कागद असतात. ते कटरने कापून चिकटवताना डोकं रिकामं असतं, तेवढ्या वेळात ती बोलायची, आणि बोलायची ती कुणाला तरी शिव्या घालायलाच. वडील एका लहान गावात न्हावी होते. सोळाव्या वर्षी तिने पहिली पानं टपालाने मासिकाला पाठवली. अठराव्या वर्षी टोकियोत येऊन एका नावाजलेल्या चित्रकाराच्या हाताखाली राहिली, तीन वर्षं. मग स्वतःची मालिका मिळाली, ती दहा आठवड्यांत बंद पडली. दुसरी चालली, बारा वर्षं चालली. टीव्हीवर आली, तिच्यातल्या राजकन्येच्या बाहुल्या निघाल्या. तिथे प्रत्येक अंकात वाचकांसाठी कार्ड असतं, आवडलेल्या गोष्टीला मत द्यायचं. त्या मतांवर कोण राहणार आणि कोण जाणार हे ठरतं. बारा वर्षांनी तिची मतं घसरली. सव्वीस वर्षांचा नवा संपादक येऊन म्हणाला, तुमच्या पात्रांचे डोळे जुने वाटतात, तीन भागांत आटपा.

"मग तुम्ही आटपलंत?" मी विचारलं.

"एका भागात आटपलं. सगळं राज्य बुडवलं. राजकन्या, घोडे, बाळं, सगळी."

त्यावर वाचकांची पत्रं आली. तिने मला खोका दाखवला. कौतुकाची पत्रं तिने कधीच फेकून दिली होती, ही ठेवली होती. एका पाकिटात दाढीचं पातं होतं, उघडणाऱ्याचं बोट कापावं म्हणून चिकटवलेलं. ते अजून तिथेच होतं. "हा वाचक प्रामाणिक आहे," ती म्हणाली आणि खोका बंद केला. त्यानंतर ती जपान सोडून इथे आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की न्यूझीलंडमध्ये लोक चौकशा करत नाहीत. चार वर्षं तिने काहीच काढलं नाही. मग एका छोट्या मासिकाने विचारलं आणि होडीवाली मुलगी सुरू झाली.

हे ऐकून तिची कीव यायला हवी होती. पण ती हे सांगत असतानाच माझी पानं परत करत असायची. एकदा मुलीला ताप होता म्हणून मी अर्धा दिवस उशिरा गेले. "तुझी मुलगी माझं पान काढणार आहे का?" इतकंच ती म्हणाली. शाळेची सुट्टी होती म्हणून एकदा मुलीला बरोबर न्यावं लागलं, तेव्हा मुलीने डेकवर गोष्टीचं पुस्तक वाचत सहा तास काढले आणि बसमध्ये मला म्हणाली, "मम्मा, शी'ज सो मीन. व्हाय डू यू गो?" मी मराठीत काहीतरी उत्तर दिलं. ते खरं नव्हतं.

मीही काही साधी राहिले नाही. तिला आवडत नाही म्हणून मुद्दाम शीळ घालायचे. तिची मेणबत्ती संपत आली की सांगायचे नाही. आणि एकदा राणीचा किल्ला काढायचा होता, तेव्हा तिने दिलेल्या जपानी किल्ल्यांच्या फोटोंकडे मी बघितलंच नाही. पाठ्यपुस्तकांसाठी शंभरदा काढलेले आपले किल्ले हातात होते. काळ्या कातळावर बसलेला बुरूज काढला, तटाला बंदुका रोखायच्या जंग्या दिल्या, खाली चोरदिंडी दिली. वर इथल्या पुंगाची, म्हणजे उंच नेच्याची, झाडं काढली, छत्रीसारखी उघडलेली. पान तिच्यासमोर ठेवलं आणि भांडणाची वाट बघत उभी राहिले.

तिने पान उजेडात धरलं. "हा दगड माझ्या राज्यातला नाही," ती म्हणाली.

"राणीने बाहेरून आणवला असेल."

तिने पान बाजूला ठेवलं, फाडलं नाही. पुढच्या महिन्यात पेन्सिलीच्या मांडणीत किल्ल्याची जागा मोकळी सोडलेली होती आणि कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलं होतं, 'तोच दगड.' त्यानंतर तो किल्ला गोष्टीत येतच राहिला. संपादकाचा फोन दुपारी यायचा, टोकियोचं घड्याळ आमच्या मागे असल्यामुळे. एकदा फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाचकांना किल्ला आवडला म्हणे." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. लगेच ती म्हणाली, "वाचक मूर्ख असतात."

मासिकातल्या भागांचं पुस्तक निघायचं. पुस्तकाचा तिसरा भाग छापून आला तेव्हा तिने एक प्रत माझ्या टेबलावर टाकली. मी ती घरी नेली. सासूबाई त्या वर्षी परत आल्या होत्या. त्यांना जपानी येत नाही, मलाही नाही. पण जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं एवढं सांगितल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि खिडकीशी बसून नुसत्या चित्रांवरून गोष्ट वाचून काढली. आधीचे दोन भागही मागून घेतले. दुपारभर त्या मला गोष्ट सांगत होत्या आणि ती जवळजवळ बरोबर होती. "ही म्हातारी तिची आत्या असणार," त्या म्हणाल्या. मी दोन वर्षं त्या म्हातारीच्या लुगड्यावरची नक्षी काढत होते, मला ते माहीत नव्हतं.

पुस्तकाच्या शेवटी एक पान नुसत्या मजकुराचं होतं. अशा पानावर मदतनीसांची नावं देतात, आभार मानतात, हे मला एव्हाना कळलं होतं. न्यू लिनच्या मॉलमध्ये सुशीच्या दुकानात एक जपानी बाई काम करायची, तिला मी ते पान दाखवलं. हात पुसून तिने ते वाचलं आणि मला इंग्रजीत सांगितलं. त्यात लिहिलं होतं की मी जगाच्या दक्षिण टोकाला एका टेकडीवर राहते, माझ्याकडे ना फोन वाजतो, ना कुणी येतं. प्रत्येक पान, प्रत्येक दगड, मी एकटी काढते.

"प्रत्येक दगड?" मी विचारलं.

तिने बोट ठेवून पुन्हा वाचलं. "हो. दगडच लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी मी कोटही न काढता तिच्या टेबलासमोर उभी राहिले. पुस्तक उघडून ते पान दाखवलं. "हे खोटं आहे," मी म्हटलं.

तिने टाक खाली ठेवला नाही. "हो."

"माझं नाव का नाही?"

"संपादकाला एकटी बाई पाहिजे. एकटी बाई विकली जाते. शेजारच्या खोलीत डबा खाणारी इंडियन बाई असली की ती एकटी राहत नाही."

"मी डेकवर खाते," मी म्हटलं. त्या क्षणी हेच का सुचलं, देव जाणे.

ती हसली. मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मग म्हणाली, "माझ्या सेन्सेईच्या पुस्तकात राजपुत्राचे केस प्रसिद्ध होते. लोक त्या केसांवर लेख लिहायचे. ते केस तीन वर्षं मी काढले. माझं नाव कुठे नाही."

"मग तुम्हाला माहीत आहे कसं वाटतं ते."

"चांगलंच माहीत आहे," ती म्हणाली. "पान सतरा घे."

मी त्या दिवशी सोडून जायला हवं होतं. नवरा हेच म्हणाला. "उद्यापासून जाऊ नकोस, आपलं काही अडत नाही." पण मला सोडून जायचं नव्हतं, मला जिंकायचं होतं. दोन्हींत फरक आहे आणि तो मला तेव्हा कळत नव्हता. रोज सकाळी बसमध्ये मी आज काय बोलायचं याची जुळवाजुळव करायचे आणि तिथे गेल्यावर मुकाट्याने पुंगाची पानं काढत बसायचे.

संधी आली ती तिच्या मनगटातून. आधी ती मधेच टाक ठेवून हात झटकायची. मग मनगटाला पट्टा आला. मग एक दिवस बघितलं तर ती टाकाला फडकं गुंडाळून तो मुठीत धरत होती, लहान मूल चमचा धरतं तसा. डॉक्टरांनी सहा महिने हात बंद ठेवायला सांगितलं होतं. संपादकाला तिने हे कळवलं नाही. लांब रेषा कशाबशा निघत होत्या. डोळे निघत नव्हते. तिच्या पात्रांच्या डोळ्यांत पाच-सहा बारीक रेषा असायच्या, केसाएवढ्या, आणि त्यांतली एक जरी हलली तरी तो चेहरा खुळा दिसायचा.

एका सोमवारी सकाळी तिने पान माझ्या टेबलावर ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. होडीवाली मुलगी अखेर किल्ल्याच्या दारात पोचली होती आणि दारात तिची आई उभी होती. दोघींच्या चेहऱ्यांच्या जागी नुसते लंबगोल होते.

"डोळे काढ," ती म्हणाली.

जे वाक्य मी कित्येक महिने बसमध्ये घोळवत होते ते आपोआप बाहेर पडलं. "काढते. पुस्तकात माझं नाव पाहिजे. शेवटच्या पानावर. लहान अक्षरात चालेल."

"नाही."

"मग मीही नाही."

"बुधवारी कुरिअर जायचं आहे."

"माहीत आहे मला."

"तू चोर आहेस," ती शांतपणे म्हणाली. "माझा हात गेलाय हे बघून तू दार अडवून उभी आहेस."

"हात होता तेव्हाही तुम्ही मला आत घेतलं नाहीत," मी म्हटलं.

ते तीन दिवस मला आजही लख्ख आठवतात. आम्ही दोघी आपापल्या टेबलाशी बसून होतो. मी सगळी जंगलं पूर्ण केली, सगळे दगड, सगळी पानं. ती डाव्या हाताने उजवं मनगट धरून डोळे काढत होती, पांढऱ्या शाईने पुसत होती, परत काढत होती. खरवडल्याचा आवाज यायचा. तो आवाज ऐकून मला बरं वाटत होतं. हे लिहायला चांगलं वाटत नाही, पण खरं आहे.

बुधवारी दुपारी मी उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिले. आईच्या चेहऱ्यावर पांढऱ्या शाईचे थर चढले होते आणि कागद फुगला होता. सेन्सेईच्या मानेवर घामाचे थेंब होते. मला ती मुलगी दिसली, इतके दिवस होडी ओढून दारात आलेली, तोंड नसलेली. सासूबाई घरी रोज विचारत होत्या, पोचली का गं ती. मी हात पुढे केला. द्या इकडे, एवढंच म्हणणार होते. नावाचं नंतर बघू.

तिने मागे न बघता म्हटलं, "बघू नकोस. तुला तसंही जमलं नसतं. पाठ्यपुस्तकातल्यासारखे डोळे काढतेस तू. मेलेले."

मी हात मागे घेतला आणि जागेवर जाऊन बसले.

चारच्या सुमाराला संपादकाचा फोन आला. ती जपानीत हळू आवाजात बोलत होती आणि बोलता बोलता फोनलाच वाकून नमस्कार करत होती, दोनदा, तीनदा. त्या बाईला कुणापुढे वाकताना मी कधी बघितलं नव्हतं. तेवढ्यात कुरिअरवाला आला. दर महिन्याला येणारा तोच, थंडीतही जंडल्स, म्हणजे रबरी चपला, घालणारा. "किया ओरा, लेडीज," तो दारातून म्हणाला. "आज काही नाही," मी सांगितलं. "नो वरीज," म्हणून तो गेला.

त्या महिन्यात मासिकात लेखिका आजारी असल्याची सूचना छापली गेली. पुढच्या महिन्यातही. तिसऱ्या महिन्यात संपादकाने कळवलं की तिच्या जागी एक नवी मुलगी घेतली आहे, ती सगळं कॉम्प्युटरवर काढते. हे सेन्सेईने मला पेन्सिलीला टोक काढता काढता सांगितलं. "उद्यापासून बॅकग्राउंड नको," ती म्हणाली. मी माझं सामान आवरलं. टाक पिशवीत टाकत होते, तेव्हा म्हणाली, "तो माझा आहे." मी तो परत टेबलावर ठेवला. त्याचं लाकूड माझ्या बोटांनी झिजलेलं होतं. निरोप असा कुणीच घेतला नाही.

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, सुटलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी गवार निवडत असताना सासूबाईंनी विचारलं, "तिने म्हटलं तेव्हा तू डोळे का नाही काढलेस?"

"आई, पावणेतीन वर्षं ती मला पायपुसण्यासारखं वागवत होती. तिचं नाव, तिचं पुस्तक, आणि मी राबायचं?"

"बाई वाईटच आहे. माझं त्याबद्दल म्हणणं नाही," त्या म्हणाल्या. "पण पोरगी दारात उभी राहिली ना. इतकी लांबून आली होती."

मला त्यांचा इतका संताप आला की मी गवारीचं ताट तिथेच टाकून उठले. दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. त्या बरोबर होत्या असं मी अजूनही म्हणणार नाही. मात्र त्यानंतर कुणाशीही याविषयी बोलताना मला आधी त्यांचं ते वाक्य आठवायचं आणि मग मी बोलणं आवरतं घ्यायचे.

मला काम मिळालं, ते त्याच पानांमुळे. शाळेतल्या लहान मुलांसाठी वाचनपुस्तकं काढणाऱ्या एका ठिकाणी मी तीन भाग घेऊन गेले. टेबलापलीकडच्या दोघींनी पानं चाळली, किल्ल्यापाशी थांबले. "यातलं तुझं काय?" एकीने विचारलं. "चेहरे सोडून बाकीचं सगळं," मी म्हटलं. त्यांना वाटलं मी गंमत करतेय, त्या हसल्या. पण मला घेतलं. पहिल्या पुस्तकावर माझं नाव छापून आलं तेव्हा मी ते सासूबाईंना पुण्याला पाठवलं. फोनवर त्या म्हणाल्या, "छान आहे. कासव गोड काढलंयस."

होडीवाल्या मुलीचा शेवटचा भाग मध्ये कधीतरी निघाला. सुशीच्या दुकानातल्या बाईने मला सांगितलं आणि मी तो मागवून घेतला. राहिलेली पानं सेन्सेईच्या पेन्सिलीच्या मांडणीवरून दुसऱ्याच कुणीतरी पुरी केली होती. दगड माझे होते, पुंगाची झाडं माझी होती. मधे दोन चेहरे नव्या तऱ्हेचे, मोठे, काचेसारखे चकचकीत. मुलगी आईला भेटते, नद्या सुटतात, सगळं यथासांग होतं. शेवटच्या पानावर चेहरे पुरे करणाऱ्या कलाकाराचं नाव होतं. माझं नव्हतंच. मी ते पुस्तक वाचून कपाटावर टाकून दिलं आणि सासूबाई पुढच्या वेळी आल्या तेव्हा त्यांना दाखवलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

सेन्सेई एकदाच दिसली, दोनेक वर्षांनी, न्यू लिनच्या सुपरमार्केटमध्ये, मासळीच्या काउंटरपाशी. केस पांढरे झाले होते, मनगटाला पट्टा होता. मला आधी वाटलं, वळून दुसरीकडे जावं. पण तिने बघितलं होतं.

"सेन्सेई," मी म्हटलं.

"अजून काढतेस?"

"हो."

"चेहरे?"

"हो, चेहरेही."

तिने डावा हात पुढे केला. माझ्या पिशवीत नवं वाचनपुस्तक होतं, त्याच दिवशी छापून आलेलं. खरं तर दाखवायची काही गरज नव्हती. पण मी काढून दिलं. तिने बास्केट खाली ठेवली आणि एकेक पान उलटलं, सगळी सोळा पानं, घाई न करता. एका पानावर एक मुलगी आजोबांचा हात धरून समुद्राकडे बघत होती, तिथे ती जास्त वेळ थांबली. मग तिने पुस्तक मिटलं आणि परत दिलं.

"कागद वाईट आहे," ती म्हणाली. तिचा नंबर पुकारला गेला. तिने मासळीचं पुडकं घेतलं आणि निघून गेली.

मी बटाटे आणि दूध घेतलं, बिल दिलं आणि घरी आले. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग तू काय म्हणालीस?" काहीच नाही, म्हटलं. खरं तर मला म्हणायचं होतं की कागद मी निवडत नाही. पण तोवर ती दारापर्यंत पोचली होती.